लुगड्यापासून चुंबळीपर्यंत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कापूस पिकवणाऱ्या मुलखात कापडाची चणचण असावी, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत ते खरं आहे. यवतमाळहून धामणगावच्या रस्त्याला लागलं, की वाटेत बाभुळगाव येतं. तालुक्याचं गाव, भोवती काळी जमीन, बेंबळा नदी आणि दिवाळीच्या सुमारास नजर जाईल तिथवर फुटलेला कापूस. या शिवारातून गेल्या दीडशे वर्षांत किती गाठी बाहेर गेल्या असतील, कुणास ठाऊक! आणि याच शिवारातल्या घराघरांत एका लुगड्याचे पाच-सहा अवतार झाल्याशिवाय ते टाकून दिलं जात नव्हतं. मला बोलायचं आहे ते या अवतारांविषयी. गोधडी, दुपटं, कुंची, थैली, चंची, पोळ्याच्या बैलाची झूल आणि शेवटी पाणी भरणाऱ्या बाईच्या डोक्यावरची चुंबळ. यांच्यावर कुणी बखर लिहिली नाही. ज्यांनी या वस्तू शिवल्या त्यांतल्या बहुतेकींना लिहितावाचताही येत नव्हतं.

आधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्याकडे मानाचं वस्त्र हे न शिवलेलं असे. लुगडं, धोतर, उपरणं, शेला, पागोटं ही सगळी मागावरून उतरली तशी अंगावर यायची. देवपूजेला, सोवळ्याला शिवलेलं कापड चालत नसे. शिवलेलं म्हणजे चोळी, बंडी, अंगरखा, एवढंच. ते काम शिंप्याचं. संत नामदेव या शिंपी समाजातले, आणि गावगाड्याच्या काही याद्यांत शिंपी अलुतेदारांमध्ये मोजलेला दिसतो. पण शिंप्याकडे जायचं ते नवं कापड घेऊन. नव्या कापडावर शिंप्याची कात्री चालायची आणि जुन्या कापडावर घरच्या बाईची सुई. ही वाटणी कुणी ठरवून दिली नव्हती, पण ती इतकी पक्की होती, की जुन्या लुगड्याची पिशवी शिंप्याकडून शिवून आणणारी बाई आळशी ठरली असती. सुया विकायला फिरस्त्या बाया दारावर यायच्या. त्यांच्या टोपलीत सुया, दाभण, पोत, बिब्बे असा सगळा संसार असे. पैसे नसले तर पसाभर ज्वारीवर सुई मिळे. ती हरवली, तर घरभर शोध चाले.

आता कापडाच्या चणचणीकडे येऊ. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला, तो मुख्यतः इथल्या कापसाच्या जमिनीमुळे मोलाचा होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. आमच्या भागाला धामणगाव हे स्टेशन जवळचं. कापसाच्या गाड्या तिकडे जाऊ लागल्या. तेव्हा हा जिल्हा वणी या नावाने ओळखला जात होता. यवतमाळ हे नाव १९०५ मधलं. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही चिमुकली रेल्वेही कापसासाठीच टाकली गेली. लोकांनी तिला ‘शकुंतला’ म्हटलं. आज तीही धावत नाही.

शाळेतल्या पुस्तकात ही हकिगत ‘कापसाची भरभराट’ या मथळ्याखाली यायची. पण जी आगगाडी कापूस घेऊन गेली, तीच परत येताना विलायती कापडाचे तागे घेऊन आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे त्या वेळचे कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नक यांच्या लिखाणात तर ही अपेक्षा उघडच मांडलेली आहे, की इथला विणकर मागे पडेल, तिथे मँचेस्टरचं कापड येईल आणि माग सोडलेले हात कापसाच्या शेताला मिळतील. बरंचसं तसंच घडलं. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अकोला इथे गिरण्या निघाल्या. त्यांनी पुष्कळ वर्षं वऱ्हाडाला स्वदेशी कापड दिलं. पण शेतकऱ्याच्या हिशेबात फरक पडला नाही. कापूस विकायचा तो कापसाच्या भावाने, आणि कापड घ्यायचं ते कापडाच्या भावाने!

एक साधा हिशेब सांगतो. एक क्विंटल कापसातून साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी सगळी सरकी. एका सुती नऊवारी लुगड्याचं वजन अर्धा-पाऊण किलो धरा. सूत काढताना होणारी घट वजा केली, तरी एका क्विंटलात चाळीसेक लुगडी बसतात. बाभुळगावच्या एखाद्या लहानशा शेतकऱ्याच्या घरातून वर्षाला शेकडो लुगड्यांचा कापूस बाहेर जाई, आणि त्या घरच्या बाईला वर्षाला दोन लुगडी मिळत. एक पोळ्या-दिवाळीला, दुसरं जमलं तर. मग ती त्या लुगड्याला कशी वागवत असेल, याचा विचार करा.

लुगडं फाटतं ते ठरावीक जागी. बसण्याउठण्याने मधला भाग विरतो, काष्ट्याजवळ झिजतो. पदर आणि काठ मात्र शाबूत राहतात. मग मधला विरलेला भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन्ही तुकडे एकमेकांना जोडायचे. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं नेसून लग्नाला जाता येत नसे, पण शेतात, घरात ते आणखी वर्षभर चाले. दुसऱ्यांदा दंड घालण्याइतकी लांबी उरली नाही, म्हणजे लुगड्याचा पहिला जन्म संपला.

दुसरा जन्म गोधडीचा. आमच्याकडे वाकळही म्हणतात. गोधडी शिवायचे दिवस उन्हाळ्याचे. शेतात काम नाही, ऊन कडक, अंगण सारवलेलं. वर्षभराचं गाठोडं सोडायचं. जुनी लुगडी, धोतरं सोड्यात नाही तर रिठ्यात उकळून, वाळवून घ्यायची. वरच्या आणि खालच्या बाजूला त्यातलं सगळ्यात धडकं लुगडं. मधे धोतराचे, सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे, फटी न ठेवता पसरलेले. चार कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, लोटी, जे सापडेल ते वजनाला. मग मोठे मोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकत्र धरायचे आणि कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत आत आत यायचं. चौकोनात चौकोन. दोरा विकत आणायचा नाही. जुन्या लुगड्याच्या काठातून उभे धागे ओढून, दोन-तीन पदर एकत्र पीळ देऊन तो करायचा.

मी एका गोधडीचे टाके मोजायचा प्रयत्न केला आहे. सहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. धावदोऱ्याच्या दोन ओळींमध्ये पाऊण इंचाचं अंतर. एका इंचात तीन टाके. गुणाकार केला, तर पंधरा हजारांच्या वर जातो. पंधरा हजार वेळा सुई पाच-सहा थरांतून खाली जाऊन वर येते. अंगुस्तान फार थोड्या जणींकडे असे. बोटाला चिंधी गुंडाळून काम चाले. म्हातारी सासू, दोन सुना, शेजारीण आणि एखादी माहेरी आलेली लेक अशा चौघी-पाचजणी चार बाजूंनी बसल्या, तरी आठ-दहा दुपारी सहज जात. त्या दुपारी काय काय बोललं जाई, कुणाची सोयरीक जुळे, कुणाचं भांडण मिटे किंवा नव्याने सुरू होई, ते त्या पाचजणींनाच माहीत. पुरुषांना त्या अंगणात काम नसे.

गोधडीचं पोट उपाशी ठेवू नये, असं बाया सांगतात. शेवटचा मधला चौकोन बंद करण्याआधी त्यात हळदकुंकू, चार तांदळाचे दाणे किंवा पोळीचा तुकडा ठेवायचा आणि मगच टाका घालायचा. शिवणाऱ्या बाईच्या दृष्टीने गोधडी ही निर्जीव वस्तू नव्हतीच. तिच्यात सासऱ्यांचं धोतर होतं, गेलेल्या जावेचं लुगडं होतं, पोराचा शाळेतला पहिला सदरा होता. अंगावर घेऊन झोपलेल्या पोराला हा तुकडा कुणाचा, तो कुणाचा, हे अंधारात बोटाने चाचपून सांगता येई. घराण्याची वंशावळ भाटाच्या वहीत असते ती पुरुषांची. बायांची नावं कुठे असतील, तर ती त्या गोधडीच्या थरांत.

हा हात काही एकट्या वऱ्हाडचा नाही. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, जपानी शेतकऱ्यांचे निळे ठिगळांचे जाड कपडे, सगळीकडे जुनं सुती कापड, थर आणि धावदोरा हीच रीत. अमेरिकेत १९३० च्या मंदीत पिठाच्या आणि जनावरांच्या खाद्याच्या पोत्यांचे कपडे घरोघर शिवले जात. ते पाहून कंपन्यांनी पोत्यांवर मुद्दाम फुलांची नक्षी छापायला सुरुवात केली. आमच्या तालुक्यात खताच्या चुंगड्यांच्या थैल्या आजही दिसतात, पण त्यांवर फुलं छापण्याचं अजून तरी कुठल्या खत कंपनीला सुचलेलं नाही.

लुगड्याचा जो भाग गोधडीला जायचा नाही, त्याची दुपटी व्हायची. बाळाला पहिलं कापड नवं घालायचं नाही, जुनं घालायचं, ही आपल्याकडची रीत. दृष्ट लागू नये म्हणून, असं कारण सांगतात. दुसरं कारण बोटांना कळतं. शंभर वेळा धुतलेलं सुती कापड जितकं मऊ असतं, तितकं दुकानातलं कुठलंच कापड मऊ नसतं. आजीचं लुगडं नातवाच्या अंगाखाली यायचं. बारशाची कुंची मात्र हौसेने शिवायची. तिला खणाचा तुकडा, पाठीवर काठाची पट्टी, कडेला झालर. खण येत तिकडे दूर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून. चोळी शिवून उरलेली चार बोटांची पट्टीदेखील कुंचीसाठी जपून ठेवत.

पुरुषांच्या वाट्याच्या वस्तू वेगळ्या. पानसुपारीची चंची, पैशांचा कसा, बंद ओढला की तोंड मिटणारा बटवा. चंची म्हणजे शिवणकामातला खरा कसोटीचा नमुना. पानाला एक कप्पा, सुपारीला एक, काताला वेगळा, चुन्याच्या डबीला वेगळा, आणि हे सगळं गुंडाळून दोरीने बांधलं की मुठीत मावलं पाहिजे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांची रांग पाहताना मला नेहमी वाटतं, की लोखंड-पितळ टिकतं म्हणून अडकित्ता इतिहासात शिरला. ज्या चंचीच्या कप्प्यात तो राहायचा, ती वापरून वापरून विरली. तिची चिंधी झाली आणि चिंधीचं पोतेरं झालं.

पोळ्याच्या झुलीबद्दल तर वेगळं भाषण करता येईल. वऱ्हाडात पोळा हा दिवाळीच्या तोडीचा सण. वर्षभर राबणाऱ्या बैलाच्या पाठीवर त्या दिवशी झूल चढते. ऐपतदार घरची झूल बाजारातून येई, बाकीच्यांची घरी शिवलेली असे. गडद लाल किंवा हिरव्या पातळाचा पाया, त्यावर पिवळे, पांढरे चौकोन आणि त्रिकोण, कडेला गोंडे, मधे मिळाल्यास आरशाचे तुकडे. घरातल्या बाईला स्वतःसाठी भडक रंगाची हौस करता येत नसे, ती हौस बैलाच्या पाठीवर फिटे! आणि आरसेकामाचं बोलायचं तर आमच्या जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांकडे जायला हवं. फेटिया, कांचळी, कवड्या लावलेल्या थैल्या. जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून त्यांवर इतका दाट टाका घालतात, की कापड पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडणाऱ्या लोकांना टिकाऊ थैली ही हौस नव्हती, तो त्यांचा धंदा होता.

आणि चिंधी? तिलाही वऱ्हाडाने मान दिला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी पुढे गाडगेबाबा झाले. पण हातातल्या गाडग्यावरून पडलेल्या या नावाइतकंच त्यांचं ‘गोधडे महाराज’ हेही नाव लोकांच्या तोंडी होतं. अंगावर रंगीबेरंगी चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, स्वतःच्या अंगावर मात्र ठिगळंच ठेवली. १९५६ मध्ये ते गेले. आमच्याकडच्या जुन्या बाया त्यांच्या कीर्तनाची आठवण सांगतात, तेव्हा ते काय बोलले याच्या आधी त्यांच्या अंगावर काय होतं, ते सांगतात. शिवणाऱ्या डोळ्यांना ते आधी दिसत असणार.

दुसऱ्या महायुद्धात या शिकवणीची परीक्षा झाली. गिरण्यांचं कापड सैन्याकडे वळलं, भाव भडकले, आणि जून १९४३ मध्ये सरकारने कापड व सूत नियंत्रणाचा हुकूम काढला. ‘कंट्रोलचं कापड’ हा शब्द तेव्हापासून घराघरांत शिरला. त्या काळातल्या गोधड्या हातात घेतल्या तर कळतं. वरचा थरदेखील ठिगळांचा. सलग लुगडं गोधडीला द्यायला कुणाकडे उरलेलंच नव्हतं.

शिलाई मशीन तोपर्यंत गावात आलं होतं, पण ते शिंप्याच्या ओट्यावर. आयझॅक सिंगरने अमेरिकेत १८५१ मध्ये आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि १८७० च्या दशकात हे यंत्र मुंबईत विकलं जाऊ लागलं. १९३० च्या दशकात कलकत्त्याला लाला श्रीराम यांच्या उद्योगसमूहात ‘उषा’ हे देशी यंत्र तयार झालं. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका मुलाखतीत सिंगरच्या यंत्राला मात्र अपवाद केला होता. बायकोचे टाके घालण्याचे कष्ट वाचावेत म्हणून माणसाने केलेला शोध, या नजरेने ते त्याकडे पाहत. सिंगरसाहेबांचा खरा संसार पाहिला तर बायकोवरच्या प्रेमाची ही कथा टिकणं जरा कठीण आहे, पण तो विषय वेगळा.

मशीन घरात आलं ते स्वातंत्र्यानंतर, आणि बहुधा रुखवतात. शिवण-टिपणाचे वर्ग निघाले. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने १९०९ पासून बायकांच्या शिक्षणाचं जे काम सुरू केलं, त्यात शिवणकामाला जागा होती. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत तसे वर्ग झाले. लग्नाच्या मुलीला ‘शिवणाचा क्लास झाला आहे’ हे सांगण्यासारखं गुणवैशिष्ट्य ठरलं. मग रुखवताच्या टेबलावर उशांचे अभ्रे, तोरण, पडदे, रेडिओचं आणि पुढे टीव्हीचं कव्हर यांची रांग लागली. यातल्या बऱ्याच वस्तू नव्या कापडाच्या, शोभेच्या. घरातली बाई प्रथमच नवं कापड कापू लागली, हा बदल मोठा होता. पण मला राहून राहून वाटतं, की झाकण्याची गरज नसलेल्या वस्तूंना आपण तेव्हा फार झालरी लावल्या.

ब्लाऊज पीसचं तर काय सांगावं! ओटीत आलेला पीस कुणी शिवत नाही. तो कपाटात जातो, पुढच्या हळदीकुंकवाला दुसऱ्या घरी जातो, तिथून तिसऱ्या. कित्येक पीस असे वर्षानुवर्षं गावभर हिंडत असतात. शहाण्या बाया ते मधेच अडवतात आणि त्याचे बटवे, उशीचे अभ्रे, डब्याच्या पिशव्या शिवून टाकतात. खणाच्या पर्स आणि पिशव्या गेल्या काही वर्षांत शहरांत हौसेने विकत घेतल्या जातात, त्याची मुळं या अडवलेल्या पिसांत आहेत.

मग गोधडी मागे का पडली? आळस वाढला, असं म्हातारी माणसं म्हणतात. मला ते पटत नाही. पहिलं कारण कापड. १९६० च्या दशकात टेरिलिन आलं, मग टेरिकॉट, मग सिंथेटिक साड्या. त्या फाटत नाहीत, विरत नाहीत, धुऊन लगेच वाळतात. बायांचे कष्ट त्यांनी वाचवले, हे कबूल करायला हवं. पण त्यांचे थर एकमेकांवर घसरतात, घाम शोषत नाहीत, आणि शंभर वेळा धुतल्या तरी मऊ पडत नाहीत. त्यांची गोधडी म्हणजे थंडीत गार आणि उन्हाळ्यात गरम. दुसरं कारण बोहारीण. जुन्या कपड्यांवर स्टीलचं भांडं मिळू लागलं, तेव्हा पंधरा हजार टाके घालत बसण्यापेक्षा चार साड्यांवर एक पातेलं बरं वाटलं, तर त्यात त्या बाईचं काय चुकलं? तिसरं कारण बाजारातलं सोलापुरी चादरीचं आणि स्वस्त ब्लँकेटचं दुकान.

थैलीला मारलं ते प्लॅस्टिकने. माझ्या लहानपणी आठवडी बाजाराला निघताना खुंटीवरची थैली काढणं हे चप्पल घालण्याइतकंच सवयीचं होतं. वडिलांच्या जुन्या पँटच्या पायाची थैली तर अमर. आजी एखादी चिंधीसुद्धा टाकू देत नसे. ‘‘कायले फेकून राह्यली वो? थयली होते त्याची,’’ असं ती माझ्या आईला म्हणे आणि खरंच संध्याकाळपर्यंत थैली होई. १९७० च्या दशकात चळवळीतल्या तरुणांच्या खांद्यावर खादीची शबनम आली. लेखक, पत्रकार, पुढारी सगळे त्या पिशवीने ओळखले जात. पण बाजारातल्या भाजीला शबनम चालत नव्हती. आणि १९९० नंतर भाजीवालाच फुकट पिशवी देऊ लागला. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या प्रलयात गटारं तुंबल्यावर राज्याचं लक्ष या पिशव्यांकडे गेलं, पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. पुढे मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदीच घातली. बंदी कागदावर किती आणि बाजारात किती, हे तुम्ही रोज पाहताच. तरीही कापडी पिशवीला पुन्हा गिऱ्हाईक मिळालं, ते तेव्हापासून.

इथे एक अवघड गोष्ट सांगायला हवी. कर्ज आणि नापिकी यांनी पिचलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे यवतमाळ जिल्ह्याचं नाव देशभर झालं. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यात आमचा जिल्हा होता. त्या काळात आणि नंतरही, मागे राहिलेल्या बायांना मदत म्हणून अनेकांनी शिलाई मशीन दिलं. समारंभ झाले, छायाचित्रं छापून आली. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण गावात आधीच दोन शिंपी रिकामे बसलेले, पोरंसोरं तयार कपड्यांच्या दुकानातून कपडे घेणारी. अशा गावात तिसऱ्या, चौथ्या मशीनला काम कुठून येणार? कितीतरी मशीनं घराच्या कोपऱ्यात कापड झाकून उभी राहिली. शिवणं बाईला येतं, म्हणजे ते तिचं पोट भरेल, हा समज आपण कुठून आणला? तिने शिवलेल्या गोधडीला कधी बाजारभाव नव्हता, म्हणून तिच्या टाक्यांना किंमत नाही असं आपण धरून चाललो. शहरातल्या दुकानात हातशिलाईच्या गोधडीला हजारांत किंमत लावतात. त्यातले शिवणारणीच्या हातात किती पडतात, हे गिऱ्हाइकाने एकदा तरी विचारावं.

जिथे मशीन चाललं, तिथे ते कपड्यांवर चाललं नाही, पिशव्यांवर चाललं, हे मी पाहिलेलं आहे. बचत गटांनी एकत्र कापड घेतलं, एकीने कापायचं, दुसरीने शिवायचं, तिसरीने बंद लावायचे अशी वाटणी केली. २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा राज्यभरातल्या बचत गटांच्या बायांनी मास्क शिवले. घरबसल्या हाताला काम मिळालं, आणि बंद पडलेल्या कितीतरी मशीनांना पुन्हा तेल मिळालं.

बाभुळगावात अशी एक बाई मला माहीत आहे. नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. ती जुन्या साड्यांच्या थैल्या शिवून देते. तिचे नियम ठरलेले आहेत. सिंथेटिक साडी ती घेत नाही. सुती असेल तर आधी उजेडाकडे धरून पाहते, कुठे विरली आहे ते. विरलेल्या जागा अस्तरात जातात. बंद नेहमी काठाचे, कारण काठात उभे धागे दाट असतात आणि ओझं त्यांनाच पेलतं. तळाला आडवी पट्टी, तिच्यावर दुहेरी टीप. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेनिमचा कारखाना आल्यापासून इकडे जीन्सचं कापड अनोळखी राहिलेलं नाही, तेव्हा पोरांच्या जुन्या जीन्स ती तळासाठी आवर्जून मागून घेते.

मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे तीन बहिणी आल्या होत्या. आई गेली होती आणि मागे दोन सुती लुगडी राहिली होती. बहिणींचं म्हणणं, तिघींना सारख्या थैल्या शिवून दे. तिने लुगडी उलगडली, उजेडाकडे धरली. एकाला दोन ठिकाणी दंड घातलेला होता, बारीक, हाताचा. तो भाग कापायचा नाही, असं तिने स्वतःच ठरवलं. थैल्या तीन झाल्या. दंडाची शिवण एकीच्याच थैलीवर आली, ती मधल्या बहिणीने घेतली. उरलेल्या कापडाची दोन दुपटी झाली. अगदी शेवटी हातभर चिंध्या उरल्या, त्या तिने पीळ देऊन गोल गुंडाळल्या आणि वरून दोरा घातला. चुंबळ कशाला हवी आता, घरोघरी नळ आहेत, असं थोरली म्हणाली. धाकटीने ती घेतली. गरम पातेलं उतरवून ठेवायला बरी पडते, म्हणे.